गाडीची गोळी, चक्करची गोळी

मे महिन्यात एसटी स्टँडसमोरच्या औषधाच्या दुकानात अर्धा तास उभं राहा. दोन मागण्या पुन्हा पुन्हा कानावर येतील. कडेवर मूल घेतलेली बाई घाईघाईत म्हणते, "गाडी लागायच्या दोन गोळ्या द्या." तिला आंबा घाट उतरून माहेरी जायचं असतं. तिच्या मागं काठी टेकून उभे असलेले आजोबा खिशातून घड्या पडून विरलेली चिठ्ठी काढतात आणि म्हणतात, "चक्करच्या गोळ्या, महिन्याभराच्या द्या." दुकानदार बाईंना विचारतो, "आधी घेतल्यात ना कधी? झोप येते हं यानं." आजोबांना काही विचारत नाही. चिठ्ठीकडे नजर टाकतो आणि पाकीट पुढे सरकवतो. दोघांची औषधं बहुधा शेजारशेजारच्या खणांतली असतात. कधी तर औषधही एकच असतं, कारण सिनारिझिन प्रवासातल्या उलटीवरही चालतं आणि चक्करवरही दिलं जातं.

घरोघरी याबाबत दोन वाक्यं ठरलेली आहेत. प्रवासाला निघालेल्याला सांगतात, "एवढ्याशा प्रवासाला गोळी कशाला? सवय कर." चक्कर येणाऱ्या वडीलधाऱ्यांना सांगतात, "गोळी चुकवू नका हं." दोन्ही सल्ले मायेपोटीच दिले जातात, आणि दोन्ही बऱ्याचदा उलटे असतात असं माझं मत आहे. एका दिवसाची, एखाद-दुसरी गोळी जिथे माणसाचा त्रास खरोखर वाचवते तिथे आपण हात आखडता घेतो. महिनोन्‌महिने चालणारी गोळी जिथे नुकसान करू शकते तिथे मात्र हात सैल सोडतो. असं का होतं आणि ते कितपत बदलता येईल, हे दोन्ही बाजू नीट ऐकून तपासायला हवं. औषधाची बाजूही खरी आहे आणि औषध टाळण्याचीही.

आधी गाडीचं. मराठीत गाडी 'लागते', बोट 'लागते', जसं ऊन लागतं किंवा दृष्ट लागते. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात बोटी जात त्या काळात 'तुला बोट लागते का?' हा प्रवासाआधीचा नेहमीचा प्रश्न होता. शब्दात अर्थ असा की बाहेरचं काहीतरी येऊन आपल्याला लागतं. प्रत्यक्षात भांडण आपल्या आतच चाललेलं असतं. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव हलतो आणि मेंदूला वळणाची खबर मिळते. शेजारच्या दोन पिशव्यांमध्ये चुन्याचे बारीक खडे असतात, ते पुढे-मागे, वर-खाली होणाऱ्या हालचालीची खबर देतात. बस घाटात वळते तेव्हा कान सांगतो, आपण वळतोय, उतरतोय, हेलकावतोय. डोळे मात्र समोरच्या सीटच्या पाठीवर किंवा हातातल्या मोबाईलवर खिळलेले. ते सांगतात, सगळं स्थिर आहे. या दोन साक्षींचा मेळ बसत नाही, आणि त्यातून आधी जांभया, मग तोंडाला पाणी सुटणं, थंड घाम, उमासे आणि शेवटी उलटी. ज्यांच्या आतल्या कानाचं काम दोन्ही बाजूंनी पूर्ण थांबलेलं असतं त्यांना गाडी लागत नाही, हे एकोणिसाव्या शतकातच लक्षात आलं होतं. पोट यात शेवटी येतं. तरी आपण दोष देतो तो पोटाला, नाहीतर सकाळी खाल्लेल्या पोह्यांना.

गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही. पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं, मेंदू तयारीत असतो. दोन वर्षांखालच्या मुलांना क्वचित लागते. शाळकरी वयात सर्वांत जास्त लागते. पुरुषांपेक्षा बायकांना अधिक, आणि अर्धशिशी असणाऱ्यांना तर आणखी जास्त. म्हणजे शाळेच्या सहलीच्या बसमध्ये नेमकी तीच माणसं भरलेली असतात ज्यांना ती लागणार.

'सवय कर' या सल्ल्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. रोज त्याच घाटातून जाणाऱ्या कंडक्टरला त्रास होत नाही. मच्छीमाराचा मुलगा पहिल्या काही दिवसांत ओकतो आणि मग जन्मभर ओकत नाही. मेंदू नव्या हालचालीचा हिशोब शिकतो, आणि असं शिकणं कोणत्याही गोळीपेक्षा टिकाऊ असतं. नौदलांत, हवाई दलांत हळूहळू सराव वाढवून हा त्रास घालवण्याचे कार्यक्रमच असतात. पण या युक्तिवादाला दोन मर्यादा आहेत. सवय सर्वांना होतेच असं नाही. ब्रिटिश आरमाराचा नेल्सन बारा-तेरा वर्षांचा असताना जहाजावर गेला, आणि तीसेक वर्षांनंतर, सेनापती असतानाही, वारा जोराचा सुटला की आजारी पडत असे. त्यानं स्वतःच तसं लिहून ठेवलंय. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ 'बीगल' जहाजावर होता. पाच वर्षांत त्याचं समुद्र लागणं काही सुटलं नाही. दुसरी मर्यादा याहून साधी आहे. सवय होण्यासाठी तीच हालचाल वारंवार अनुभवावी लागते. वर्षातून दोनदा घाट उतरणाऱ्या बाईला सवय कधी व्हायची? तिला 'सवय कर' सांगणं म्हणजे दर गणपतीला आणि दर मे महिन्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड घालून बस, असं सांगण्यासारखं आहे.

गोळीच्या आधी घरचे उपाय येतात आणि त्यांना उडवून लावू नये. आलेपाकाची वडी घ्या. १९८८ साली डेन्मार्कमध्ये खवळलेल्या समुद्रावर ८० नौदल कॅडेटांवर आल्याची चाचणी झाली. ज्यांना आलं दिलं त्यांच्यात उलट्या आणि थंड घाम कमी दिसले, मळमळीवर मात्र तितका परिणाम दिसला नाही. इतर चाचण्यांचे निकाल उलटसुलट आहेत. म्हणजे आलं थोडं कामाचं, अपायकारक नाही, पण भरवशाचं म्हणावं असंही नाही. लिंबू हुंगल्यानं डिझेलचा वास झाकला जातो, तेवढी मदत होते. सीटवर वर्तमानपत्र पसरून बसण्याला काही आधार नाही. खरे उपयोगी उपाय फुकटचे आहेत: पुढची सीट, खिडकीतून लांबवर नजर, डोकं मागं टेकून स्थिर, मोबाईल खिशात, पोट रिकामंही नाही आणि तुडुंबही नाही, खिडकी उघडी. लाँचमध्ये असाल तर मध्यभागी बसा आणि क्षितिजाकडे पाहा. मुलाला मागच्या सीटवर कार्टून लावून देणारे आईबाप त्याला शांत बसवतात खरे, पण नेमकी ती साक्षींची फारकत वाढवतात.

हे करूनही ज्यांना लागते त्यांच्यासाठी गोळी आहे, आणि तिचा इतिहास सांगण्याजोगा आहे. १९४४ च्या जून महिन्यात नॉर्मंडीच्या किनाऱ्याकडे निघालेल्या सैनिकांना समुद्र लागू नये म्हणून गोळ्या दिल्या होत्या आणि सोबत उलटीच्या पिशव्याही. त्या काळच्या अशा गोळ्यांत हायोसिन असे. हे द्रव्य आपल्या ओळखीच्या झाडांतलं आहे, धोतऱ्यात आणि खुरासनी ओव्यात ते सापडतं. (म्हणून कुणी धोतऱ्याचं बी तोंडात टाकू नये. औषधाची आणि विषाची मात्रा यांत तिथे फार थोडं अंतर आहे.) पुढे १९४७ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लेस्ली गे आणि पॉल कार्लिनर हे डॉक्टर अंगावर पित्त उठणाऱ्या रुग्णांना एक नवं अॅलर्जीचं औषध देऊन पाहत होते. एका गरोदर बाईनं येऊन सांगितलं की पित्ताचं राहू दे, पण मला आयुष्यभर ट्राममध्ये जी मळमळ व्हायची ती हे औषध घेतल्यावर होत नाही. डॉक्टरांनी तिचं बोलणं ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये 'जनरल बॅलू' या जहाजावरून अटलांटिक ओलांडणाऱ्या तेराशेहून अधिक सैनिकांसोबत ते औषध पाठवून त्यांनी तपासणी केली आणि १९४९ साली निष्कर्ष छापले. ते औषध म्हणजे डायमेनहायड्रिनेट, बाजारातलं नाव ड्रॅमामाईन. आपल्याकडे अवोमिन या नावानं जास्त ठाऊक असलेलं प्रोमेथाझिन त्याच अॅलर्जीच्या कुळातलं.

ही औषधं मेंदूत पोचून आतल्या कानाकडून येणारी खबर मंदावतात. म्हणूनच गुंगी येते. अॅलर्जीवरची नवी, झोप न आणणारी औषधं मेंदूत फारशी शिरत नाहीत आणि नेमक्या त्याच कारणानं गाडी लागण्यावर चालत नाहीत. सेटिरिझिन घेऊन घाट उतरण्यात काही अर्थ नाही. अशीच गल्लत बाकीच्या गोळ्यांची होते. उलटी म्हटली की हल्ली ऑन्डान्सेट्रॉन दिलं जातं. केमोथेरपीच्या किंवा जुलाब-उलटीच्या रुग्णाला ते वरदान आहे, पण गाडी लागण्याच्या उलटीवर त्याचा प्रभाव दिसत नाही, कारण ती उलटी वेगळ्या वाटेनं येते. पोटात कळ आली की घेतात ती बुस्कोपॅन हायोसिनचीच बहीण आहे, पण ती मेंदूत जातच नाही. नावावरून फसू नये.

वेळेचं गणितही फार थोड्यांना माहीत असतं. गोळी निघण्याआधी घ्यायची, साधारण तासभर तरी. अवोमिन लांबच्या प्रवासासाठी आदल्या रात्रीही घेतात. एकदा मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं, गोळी पुढे सरकत नाही आणि पुढच्या उमाशासरशी बाहेर पडते. घाट अर्धा उतरल्यावर पर्समध्ये गोळी शोधणाऱ्यांचा 'मला या गोळीनं काही होत नाही' हा अनुभव तिथून येतो.

आता विरोधी बाजू. झोप हा किरकोळ मुद्दा नव्हे. जो पुढे गाडी चालवणार आहे त्यानं ही गोळी घ्यायची नाही, दुचाकीसुद्धा नाही. दारूसोबत ती घेणं धोक्याचं. काचबिंदूचा एक प्रकार असणाऱ्यांना, प्रोस्टेट वाढून लघवी अडणाऱ्या वयस्क पुरुषांना त्रास वाढू शकतो. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन देऊच नये. श्वास मंदावून मृत्यू झाल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ साली त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आणि इथे एक सवय आहे जी मला मनापासून अस्वस्थ करते: रात्रीच्या प्रवासात मूल रडू नये, झोपून राहावं म्हणून गाडीची गोळी अर्धी करून देण्याची. बाळाला गाडी लागतही नसते. तिथे गोळी मुलासाठी नसून डब्यातल्या इतरांसाठी असते, आणि तिचं समर्थन करता येत नाही.

हे सगळं तराजूत टाकलं तरी माझा कौल स्पष्ट आहे. मोठ्या माणसानं किंवा डॉक्टरांना विचारून मोठ्या मुलानं, वर्षातून चार-सहा वेळा, योग्य वेळी घेतलेली गाडीची गोळी हा शरीराचा लाड नाही. ती घेणाऱ्याला कमकुवत समजू नये. गाडी लागते म्हणून माहेरची, लग्नाची, दवाखान्याचीही वाट टाळणाऱ्या बायका प्रत्येकाच्या नात्यात असतात. दोन गोळ्यांनी ती वाट मोकळी होत असेल तर होऊ द्यावी.

चक्करचा मामला याच्या अगदी उलट आहे, आणि माझं मन खरं तिथे गुंतलंय.

चक्कर हा आजार नव्हे, तक्रार आहे, आणि एका तक्रारीत किमान चार वेगळ्या गोष्टी असतात. मराठी बोलणाऱ्या माणसाला त्या चारही ठाऊक आहेत. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. शुद्ध जाईल असं वाटून भोवळ येते. चालताना तोल जातो. आणि घर, छत, पंखा सगळं भोवती गरगरतं. अंधारी बहुधा रक्तदाब एकदम उतरल्यानं येते, कधी रक्तदाबाच्या गोळीमुळेच. भोवळीत हृदयाकडे पाहावं लागतं. तोल जाण्यामागं पायांच्या नसा, लहान मेंदू, डोळे असं काहीही असू शकतं. गरगरणं मात्र बहुतेक आतल्या कानाचं. आपली आजी हे चारही शब्द अचूक वापरते. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचा एकच शब्द होतो, चक्कर, आणि चिठ्ठीवर एकच गोळी उतरते. अंधारी येणाऱ्या माणसाला प्रोक्लोरपेराझिन दिलं तर रक्तदाब आणखी उतरतो आणि अंधारी वाढते. औषध कामाचं असूनही माणूस चुकीचा ठरतो.

गरगरण्याच्या कारणांत सर्वांत जास्त सापडणारं कारण तर औषधाचं नाहीच. वर सांगितलेले चुन्याचे खडे वयामुळे किंवा डोक्याला मार लागून सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत जाऊन पडतात. मग अंथरुणात कूस बदलली, मान वर करून फडताळातला डबा काढला की ते खडे सरकतात आणि काही सेकंद, फार तर मिनिटभर, जग फिरतं. डोकं स्थिर ठेवलं की थांबतं. व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी यांनी १९२१ साली डोक्याच्या विशिष्ट स्थितीत येणाऱ्या या चक्करचं वर्णन केलं. आतल्या कानावरच्या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. १९५२ साली लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाईक यांनी ही चक्कर ओळखायची साधी रीत सांगितली: रुग्णाला बसवायचं, मान एका बाजूला वळवायची, झटकन मागं झोपवायचं आणि डोळ्यांकडे पाहायचं. डोळे ठरावीक पद्धतीनं थरथरले की निदान झालं. ना एमआरआय, ना रक्त. अमेरिकेत ओरेगनमधल्या पोर्टलंडचे जॉन एपली यांनी १९८० साली डोकं चार-पाच स्थितींत क्रमानं फिरवून खडे परत जागेवर आणण्याची कृती मांडली तेव्हा ऐकणाऱ्यांचा विश्वास बसला नाही. ती नीट छापून यायला १९९२ उजाडलं. आज तीच कृती पहिला उपचार मानली जाते. बहुतेकांना एक-दोन वेळांत आराम पडतो. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ च्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलंय की या प्रकारच्या चक्करला गुंगी आणणाऱ्या गोळ्या सरसकट देऊ नयेत. खडा चुकीच्या जागी आहे. गोळीनं तो हलत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, आत्याच्या हातातून कळलं. ती ७१ वर्षांची असताना एका सकाळी उठताना तिला खोली फिरताना दिसली. घाबरून आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन गोळ्या दिल्या, चिठ्ठीवर पाच दिवस लिहिलं. पाच दिवसांनी बरं वाटलं. मग पुन्हा एकदा तसंच झालं, तेव्हा जुनीच चिठ्ठी दाखवून गोळ्या आणल्या. आणणारा मीच होतो. नंतर बंद केल्यावर परत चक्कर आली तर, या भीतीनं त्या चालूच राहिल्या, अकरा महिने. त्या काळात तिचा उजवा हात थरथरू लागला, पाऊल लहान पडू लागलं, चेहऱ्यावरचं हसू हरवलं. वय झालं म्हणून आम्ही सोडून दिलं. कुणीतरी कंपवात म्हटलं आणि आमच्या छातीत धस्स झालं. मेंदूविकार तज्ज्ञांनी नाव-गाव विचारायच्या आधी पिशवीतल्या गोळ्या टेबलावर ओतायला सांगितल्या. त्यातलं सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन बाजूला काढून त्यांनी बंद करवलं. हाताची थरथर जायला चार महिने लागले. चक्करचं कारण मग दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं. तेच खडे होते. आत्याला पलंगावर झोपवून डोकं फिरवायला त्यांना दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

सिनारिझिन, फ्लुनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन ही औषधं दीर्घकाळ दिली तर वयस्क माणसांत कंपवातासारखी लक्षणं आणू शकतात, हे औषधशास्त्रात जुनं ज्ञान आहे. औषध थांबवल्यावर ती बहुतेकांत ओसरतात, सगळ्यांत नाही. शिवाय गुंगी आणणारी गोळी वयस्क माणसाला पाडते, आणि सत्तरीनंतर मोडलेलं खुब्याचं हाड त्या माणसाचं पुढचं आयुष्य बदलून टाकतं. चक्करनं पडू नये म्हणून दिलेल्या गोळीनंच पडणं याहून वाईट काय?

तरीही डॉक्टरांवर ठपका ठेवून मोकळं व्हायला माझं मन तयार नाही. तालुक्याच्या दवाखान्यात सकाळी रांगेत साठ माणसं असतात. चक्कर येणारा माणूस घाबरलेला असतो, ओकत असतो, घरचे 'काहीतरी द्या' म्हणून बसलेले असतात. अशा वेळी इंजेक्शन देऊन त्याला शांत करणं हे दयेचंच काम आहे. आतल्या कानाच्या नसेला सूज येऊन अचानक भयंकर गरगरणं सुरू होतं तेव्हा पहिले दोन-तीन दिवस ही औषधं हवीतच, नाहीतर माणूस पाणीही पोटात ठेवू शकत नाही. मेनिएरच्या आजाराचा झटका आला, कानात आवाज, बहिरेपण आणि तासन्‌तास चक्कर, तेव्हाही तेच. आणि तज्ज्ञ जवळ नाही, जिल्ह्याच्या गावाला जायला एक दिवसाची मजुरी आणि भाडं जातं, तेव्हा काही रुपयांची गोळी हा गरिबाचा एकमेव उपचार असतो. त्याला तीही नको म्हणणारा माणूस शहरातून बोलत असतो.

प्रश्न त्या पहिल्या तीन दिवसांचा नाहीच. चौथ्या दिवसापासूनचा आहे. कानाच्या एका बाजूची खबर बिघडली की मेंदू दुसऱ्या बाजूच्या मदतीनं नवा हिशोब मांडतो, मच्छीमाराच्या पोरासारखाच. त्यासाठी त्याला हालचाल आणि थोडी चक्कर सोसावी लागते. गुंगीची गोळी नेमकी ती खबर दाबते आणि शिकणं लांबवते. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी डोळे, मान आणि चाल यांचे व्यायाम बसवले, ते आजही फिजिओथेरपिस्ट शिकवतात. गंमत पाहा: 'सवय कर' हा सल्ला खरा लागू पडतो तो इथे, आणि इथेच आपण तो देत नाही.

बीटाहिस्टिनचं काय, असं कुणी विचारेल. व्हर्टिन या नावानं ते आपल्याकडे घराघरांत आहे. ते गुंगी आणत नाही, कंपवातही आणत नाही, हा त्याचा मोठा गुण. अनेक डॉक्टरांना त्यानं रुग्ण बरे झालेले दिसतात आणि ते खोटं बोलत नाहीत. २०१६ च्या एका मोठ्या आढाव्यानं काही रुग्णांत फायदा असू शकतो असं म्हटलं, मात्र पुरावा कमी दर्जाचा असल्याचंही सांगितलं. त्याच वर्षी जर्मनीत मेनिएरच्या २२१ रुग्णांवर नऊ महिने चाललेल्या चाचणीचे निकाल आले. कमी मात्रा, जास्त मात्रा आणि औषधासारखी दिसणारी कोरी गोळी, तिन्ही गटांत झटके सारखेच कमी झाले. म्हणजे काळ जातो तसा हा आजार बऱ्याचदा आपणहून निवळतो, आणि श्रेय त्या वेळी तोंडात असलेल्या गोळीला मिळतं. युरोपात आणि भारतात ते चालतं, अमेरिकेत त्याला मान्यता नाही. डॉक्टरांनी ठरावीक मुदतीसाठी देऊन पाहिलं तर मला गैर वाटत नाही. पण वर्षानुवर्षं, निदानाशिवाय, केवळ अपाय नाही म्हणून? तिथे पैशाचा प्रश्न आहे, आणि त्याहून मोठा म्हणजे शोध थांबण्याचा. गोळी चालू आहे या समाधानात खडे तपासायचे राहून जातात.

कधी कधी याहून गंभीर काही राहून जातं. अचानक चक्करसोबत बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसू लागलं, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळे पडले, आधाराशिवाय बसताही येईना किंवा मानेत-डोक्यात कधी न झालेली कळ आली, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तिथे गोळी शोधत बसायचं नाही, तासभरही थांबायचं नाही, लगेच रुग्णालय गाठायचं.

काय बदलावं? गाडीच्या गोळीवर दुकानात आणखी कडक बंधनं आणावीत असं मला वाटत नाही. दुकानदारानं वय विचारावं, गाडी कोण चालवणार हे विचारावं, दोन वर्षांखाली देऊ नये, एवढं बऱ्याच प्रमाणात पुरेसं आहे. चक्करच्या गोळीबाबत मात्र ढिलाई थांबायला हवी. डॉक्टरांनी चिठ्ठीवर कारणाचं नाव आणि बंद करण्याची तारीख लिहावी. दुकानदारानं जुन्या चिठ्ठीवर महिन्याची गोळी देऊ नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना डिक्स-हॉलपाईकची तपासणी आणि एपलीची कृती हातानं करून शिकवावी. त्यासाठी यंत्र लागत नाही, एक पलंग आणि काही मिनिटं लागतात. तालुक्याला एक फिजिओथेरपिस्ट असे व्यायाम शिकवणारा मिळाला तर शहराची वाट वाचेल. साठ माणसांच्या रांगेत ती काही मिनिटं काढणं अवघड आहे, मान्य. पण दर महिन्याला परत येणाऱ्या त्याच माणसाला लागणारी मिनिटं एकत्र मोजली तर हिशोब उलटा निघतो.

तोवर एक गोष्ट तुमच्या हातात आहे. आज घरातल्या वडीलधाऱ्यांचा गोळ्यांचा डबा उघडा. त्यात चक्करची गोळी असेल तर तिचं नाव वाचा, ती कुठल्या महिन्यापासून चालू आहे ते विचारा, आणि अंधारी येते, भोवळ येते, तोल जातो की गरगरतं, हे त्यांच्याच शब्दांत एका कागदावर लिहा. गोळी आपल्या मनानं बंद करू नका. तो कागद आणि तो डबा घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा: ही गोळी कशासाठी, आणि कधीपर्यंत?